पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला आणि बाह्यांच्या कडांना गंजासारखे डाग पडतायत, तेही धुतल्यावरच दिसतात. सनस्क्रीन नकली असेल का? केमिकलवालं सोडून द्यावं का?

नकली नसावं. डाग फक्त गळ्याला आणि बाह्यांच्या कडांना आहेत आणि धुतल्यावरच दिसतात, असं तुम्ही म्हणताय. पाणी बोरिंगचं आहे का, तेवढं लिहायचं राहिलं. बहुतेक असणार.

आमच्याकडे इंदूरला हेच झालं. नर्मदेचं नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी धुणंभांडी बोरिंगवर. मागच्या मे महिन्यात दोरीवरचा माझा चिकनचा कुर्ता काढताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा खिळ्याला अडकवला होतास का?" मी घाईघाईने ब्लीच लावलं, तर डाग आणखी भडकला. बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने हे करावं!

मग ट्यूबवरची बारीक यादी वाचली. ब्युटिल मेथॉक्सीडायबेंझॉयलमिथेन. हे ॲव्होबेंझोनचंच भारदस्त नाव, म्हणून चटकन सापडत नाही. उन्हातले यूव्हीए किरण शोषायला ते घालतात. त्याच्या रेणूतले दोन ऑक्सिजन असे शेजारी बसलेत, की लोखंडाचा आयन दिसला की खेकड्याच्या नांगीसारखा पकडतात, आणि त्या जोडीला तांबूस रंग येतो. प्रॅक्टिकलला फिनॉलमध्ये फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकल्यावर जांभळा रंग यायचा, आठवतं? त्याच जातीची क्रिया. इथे लोखंड बोरिंगमधून येतं, एवढाच फरक.

म्हणून ब्लीच नको. कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजवा, जुना डाग असेल तर पुन्हा एकदा. आधी ब्लीच लावून बसला असाल तर कपडा खळखळून धुऊन घ्या, कारण ब्लीचवर आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. माझा कुर्ता दुसऱ्या भिजवणीत निघाला. अगदी पहिल्यासारखा नाही, पण घालण्याजोगा.

सोडायचं म्हणाल, तर डागापायी सोडू नका. किरण शोषणारी ही रसायनं (फिल्टर) कातडीतून रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या, २०१९ आणि २०२०च्या चाचण्यांत दिसलं. पण उतरणं म्हणजे अपाय सिद्ध झाला असं नाही, आणि सनस्क्रीन थांबवा असं त्यांनीही सांगितलं नाही. हवाईने २०२१पासून विक्री बंद केली ती ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट या दुसऱ्या दोन फिल्टरच्या सनस्क्रीनची, तीही समुद्रातली प्रवाळं वाचवण्यासाठी. ॲव्होबेंझोन त्यात नव्हतं.

झिंक ऑक्साइडवाल्याने हे डाग पडत नाहीत. मी आणून पाहिलं. माझ्या सावळ्या तोंडावर पीठ सांडल्यासारखं दिसायचं, दोन दिवसांत भाचीला देऊन टाकलं. आता जुनंच लावते, पुरतं वाळल्यावर कपडे घालते, आणि पांढरं धुणं नर्मदा येईल त्या दिवसासाठी बाजूला ठेवते.