माध्यम एजन्सीतील उन्हाळी इंटर्नशिप : वाचकांची प्रश्नोत्तरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाहिरात क्षेत्रात इंटर्नशिप करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना, मुख्यतः मुंबईतील माध्यम एजन्सी डोळ्यांपुढे ठेवून, येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी रत्नागिरीला बीएएमएमसीच्या, म्हणजे जनसंवादाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षात शिकते. मला घोषवाक्ये आणि पटकथा लिहायला आवडतात. मुंबईच्या एका माध्यम एजन्सीत दोन महिन्यांची संधी मिळत आहे. तिथे लेखन करायला मिळेल का?

बहुधा नाही, आणि हे आधीच कळलेले बरे. जाहिरात सुचणे, लिहिणे आणि चित्रित करणे हे क्रिएटिव्ह एजन्सीचे काम असते. तयार जाहिरात कोणत्या वाहिनीवर, कोणत्या वृत्तपत्राच्या कोणत्या आवृत्तीत, किती वेळा आणि किती पैशांत दाखवायची, हे माध्यम एजन्सी ठरवते आणि ती जागा किंवा वेळ विकतही घेते. पूर्वी ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालत आणि माध्यमांकडून मिळणाऱ्या 15 टक्के कमिशनवर एजन्सीचा संसार चाले. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातील मोठ्या एजन्सींनी आपले माध्यम विभाग वेगळे काढून स्वतंत्र कंपन्या केल्या. अनेक ग्राहकांची खरेदी एकत्र केली की वाहिन्यांशी दर घासता येतो, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

तरीही तुमच्या जागी मी ही संधी सोडणार नाही. दूरचित्रवाणीचा वेळ 10 सेकंदांच्या दराने विकला जातो, त्यामुळे 30 सेकंदांची जाहिरात 10 सेकंदांच्या जाहिरातीच्या तिप्पट महाग पडते. हे ज्याने प्रत्यक्ष तक्त्यात पाहिले आहे, तो लेखक पुढे पटकथेत एक वाक्यही फुकट खर्च करत नाही.

प्रश्न : इंटर्नला खरे काम देत नाहीत, नुसते एक्सेलचे तक्ते भरायला लावतात, असे आमच्या वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात. हे खरे आहे का?

तक्ते भरायला लावतात हे खरे आहे, पण ते खरे काम नाही, हे मला मान्य नाही. माध्यम एजन्सीतील बहुतेक निर्णय त्या तक्त्यांतूनच निघतात.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. ग्राहक कंपनीकडून ब्रीफ येते, म्हणजे कोणापर्यंत पोहोचायचे, कोणत्या महिन्यांत आणि किती रकमेत, हे कळते. प्लॅनर त्यावरून योजना आखतो. बायर माध्यमांशी दर ठरवतो. ग्राहकाने अंदाजपत्रक मंजूर केले की वाहिनीला किंवा वृत्तपत्राला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात लावण्याची लेखी मागणी, जाते, जिला सगळे नुसते आरओ म्हणतात. जाहिरात लागल्यानंतर वृत्तपत्राकडून व्हाउचर कॉपी, म्हणजे जाहिरात छापलेला अंक, येते, वाहिनीकडून टेलिकास्ट सर्टिफिकेट, म्हणजे ती दाखवल्याचा दाखला, येते, आणि ही कागदपत्रे आरओशी ताडून पाहिल्यावरच बिल पुढे सरकते.

इंटर्नला बहुधा या साखळीच्या शेवटच्या टोकाला बसवले जाते. आरओमध्ये तिसरे पान होते आणि जाहिरात नवव्या पानावर लागली का, मागितली होती 16 बाय 25 सेंटिमीटर म्हणजे 400 चौरस सेंटिमीटर जागा आणि मिळाली कमी का, रात्री नऊच्या मालिकेत ठरलेला स्पॉट अकरानंतर लागला का, हे पाहायचे असते. चूक सापडली की बायर त्या बदल्यात मोफत जागा किंवा वेळ मागतो, त्याला मेक-गुड म्हणतात. असा एक फरक नेमका शोधून काढणारा इंटर्न दुसऱ्या दिवसापासून बायरच्या टेबलाशेजारी दिसू लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरे नेहमीचे काम म्हणजे स्पर्धक कंपन्यांच्या जाहिरातींचा अहवाल. कोणत्या शीतपेयाने या आठवड्यात कोणत्या वाहिनीवर जोर लावला, याची जंत्री करताना नुसते आकडे उतरवू नका. गेल्या आठवड्यापेक्षा काय बदलले, ते दोन ओळींत खाली लिहा. कोणी सांगितले नसले तरी लिहा.

जाण्याआधी एक्सेलमधील पिव्होट टेबल आणि व्हीलूकअप एवढे जरूर शिकून घ्या. बाकीचे तिथे शिकवतात, निदान शेजारी बसणारा तरी शिकवतो.

प्रश्न : मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे आणि गणिताची भीती वाटते. जीआरपी, रीच, सीपीआरपी हे शब्द ऐकूनच माघार घ्यावीशी वाटते. किती गणित लागते?

सातवीपर्यंतचे. गुणाकार, भागाकार आणि टक्केवारी पक्की असली की पुरते. अवघड असते ते आकड्याचा अर्थ लावणे.

उदाहरण घेऊ. पुण्यातील एका जाहिरात मोहिमेत ठरवलेल्या प्रेक्षकवर्गापैकी 60 टक्के लोकांनी जाहिरात निदान एकदा पाहिली, हा झाला रीच. त्यांनी ती सरासरी चार वेळा पाहिली, ही झाली फ्रिक्वेन्सी. दोहोंचा गुणाकार 240, हा झाला जीआरपी. मोहिमेला 24 लाख रुपये लागले असतील, तर एका जीआरपीला 10 हजार रुपये पडले, हा सीपीआरपी. आता 30 टक्के लोकांना आठ वेळा जाहिरात दाखवली तरी जीआरपी 240च येतो. नव्या उत्पादनाची ओळख करून द्यायची असेल, तर दुसरी योजना निम्म्या लोकांपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचते त्यांना कंटाळा आणते. दोन्ही योजनांचा जीआरपी सारखा आणि सीपीआरपीही सारखा असताना त्यांतली कोणती निवडायची, हे विचारणारा माणूस प्लॅनर होतो. डिजिटल माध्यमात हजार वेळा जाहिरात दिसण्याचा खर्च मोजतात, त्याला सीपीएम म्हणतात. 10 लाख वेळा दिसायला दीड लाख रुपये लागले, तर सीपीएम 150 रुपये. तिथेही दिसणे आणि पाहणे यांत अंतर असते.

हे आकडे कुठून येतात, तेही जाणून घ्या. दूरचित्रवाणीची आकडेवारी बार्क ही संस्था 2015पासून देते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, आणि निवडलेल्या घरांत बसवलेले मीटर ती टिपते. अशी घरे 50 हजारांहून थोडी अधिक, आणि त्यांवरून देशातील सुमारे वीस कोटी टीव्ही असलेल्या घरांचा अंदाज बांधला जातो. नमुना शास्त्रशुद्ध असेल तर हे चालते. मात्र लहान वाहिनीचे आकडे मोजक्याच घरांवर हलू शकतात. ऑक्टोबर 2020मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतील कथित गैरव्यवहाराचा तपास सुरू केला, तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी थांबवली. ती मार्च 2022मध्ये पुन्हा सुरू झाली. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि आकडे गुरुवारी येतात. त्या दिवशी प्लॅनरला सुट्टी किंवा गप्पा मागू नयेत.

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि इंग्रजी बोलताना अडखळतो. अशा एजन्सीत माझा निभाव लागेल का?

ई-मेल आणि सादरीकरणे इंग्रजीतच असतात, त्यामुळे चार ओळींचा नेमका ई-मेल लिहिण्याचा सराव आजच सुरू करा. अडखळत बोलण्याने फारसे बिघडत नाही. चुकीचा आकडा सफाईदार इंग्रजीत सांगणे अधिक महागात पडते.

तुमच्याकडे मात्र असे काही आहे, जे गुरुग्राममध्ये बसून महाराष्ट्राची योजना करणाऱ्याकडे नसते. बार्कच्या आकडेवारीत महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरतात. पण कोल्हापूरचे वाचक, खानदेशातले वाचक आणि विदर्भातले वाचक एकच वृत्तपत्र घेत नाहीत. मराठी दैनिके जिल्हावार आवृत्त्या काढतात, आणि सिंचनाचे पाइप विकणाऱ्या कंपनीला मुंबई आवृत्तीचे पैसे भरण्यात काहीच अर्थ नसतो. कोणत्या जिल्ह्यात कोणते दैनिक चहाच्या टपरीवर असते, बैल-बाजार कधी भरतो, लग्नसराईत कुठल्या गावची माणसे खरेदीला कुठे जातात, हे तुम्हाला ठाऊक असते. वाचक सर्वेक्षणाचा, म्हणजे आयआरएसचा, शेवटचा अहवाल 2019चा आहे. त्यानंतर वाचनाच्या सवयी बऱ्याच बदलल्या, आणि म्हणूनच अशा स्थानिक माहितीला किंमत आहे. बैठकीत ती सांगा, पण तिला आकड्याचा आधार शोधून मग सांगा.

प्रश्न : मुलगी नाशिकहून मुंबईला जाऊ इच्छिते. एजन्सी विद्यावेतनाबद्दल मोघम बोलते, आणि एका मध्यस्थाने तर जागा मिळवून देण्यासाठी पैसे मागितले आहेत. पालक म्हणून काय करावे?

मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. नामांकित माध्यम एजन्सी इंटर्नकडून पैसे घेत नाहीत.

विद्यावेतनाचे म्हणाल तर 1961चा शिकाऊ उमेदवार कायदा त्याखाली नोंदवलेल्या शिकाऊंना विद्यावेतन देणे बंधनकारक करतो, पण उन्हाळी इंटर्नशिपची नोंद सहसा त्या कायद्याखाली झालेली नसते. त्यामुळे रक्कम, कालावधी, कामाच्या वेळा आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार की नाही, हे सगळे ई-मेलवर लेखी मागून घ्यावे. तसे मागण्यात उद्धटपणा नाही, आणि त्यावर रागावणारी एजन्सी टाळलेलीच बरी. बिनपैशाचे काम स्वीकारायचे झालेच, तर ते सहा आठवड्यांपलीकडे नसावे, असे माझे मत आहे.

अनेक एजन्सी लोअर परळ, अंधेरी, गोरेगाव या भागांत आहेत. निवास पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पाहावा. एप्रिल आणि मे महिन्यांत आयपीएल, शीतपेये, आइस्क्रीम आणि पंखे यांच्या जाहिरातींची गर्दी असते, त्यामुळे संध्याकाळी उशीर होतो. रात्री घरी परतण्याची सोय काय, हा प्रश्न मुलीने स्वतः पहिल्याच भेटीत विचारावा.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये केलेल्या योजना मला पुढील मुलाखतींत दाखवता येतील का?

मूळ फाइल दाखवता येणार नाही, आणि ती स्वतःच्या ई-मेलवर पाठवूनही घेऊ नका. ग्राहकाची रक्कम आणि वाहिनीशी ठरलेला दर या माध्यम एजन्सीतील सर्वांत नाजूक बाबी आहेत. मार्च 2025मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने काही मोठ्या एजन्सींच्या कार्यालयांची झडती घेतली, ती दर संगनमताने ठरवल्याच्या आरोपावरूनच. आरोप सिद्ध होणे न होणे वेगळे, पण दर बाहेर बोलण्याबाबत कार्यालये किती सावध झाली असतील, याची कल्पना यावरून यावी. मित्राच्या एजन्सीत काय दर चालतो, असे गप्पांतही विचारू नका.

त्याऐवजी एखादे काल्पनिक उत्पादन घ्या, समजा जळगावच्या केळ्यांचे वेफर्स, आणि त्यासाठी 10 लाख रुपयांची योजना स्वतः आखा. दैनिकांचे छापील दरपत्रक मागितल्यास मिळते, ते वापरा, आणि प्रत्येक निवडीपुढे तीच का केली हे एका ओळीत लिहा. इंटर्नशिप संपण्याआधी ज्या प्लॅनरच्या हाताखाली काम केले, त्याला ती योजना दाखवून तिच्यातल्या चुका काढून घ्या. मुलाखतीत योजनेसोबत त्या दुरुस्त्याही दाखवा.