मी माणूसघाणी झाले काय ओ मॅडम?

जानेवारीत बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक ताई आल्या, बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला आयतवार नको वाटतोय. मी माणूसघाणी झाले काय ओ?" हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी बायका विचारतात, आणि आता पुरुष पण विचारायला लागलेत, म्हणून ताईंना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

घर वडगावात, एकत्र. स्वतः पतसंस्थेत नोकरी, नवरा उद्यमबागेत मशिन शॉपला. मी म्हटलं, गेला शनिवार-आयतवार मला सांगा बघू, काही न गाळता. तर शनिवारी ऑफिस सुटल्यावर तीन हळदीकुंकू, त्यातलं एक शहापूरला, मग रात्री भिशीचं जेवण. आयतवारी सकाळी नवऱ्याच्या मंडळाची क्रिकेट मॅच, तर सात जणांना घरी पोहे-चहा, तिथून खानापूरला मावसदिराची वास्तुशांत, येताना देसूरला चुलत सासूबाईंकडे "नुसतं तोंड दाखवून" (दीड तास!), आणि घरी येऊन बघतात तर निपाणीचे पावणे दारात. रात्री अकराला भांडी, एकपर्यंत झोप नाही, आणि सोमवारी पहाटे गल्लीत पाणी सुटतं ते भरायला उठायचं.

हे सांगताना दोनदा हसल्या, एकदा रडल्या.

मी इथं एक चूक केली ती सांगते. मी म्हटलं, एखाद्याला नाही म्हणून बघा की. पुढच्या आठवड्यात त्या जास्तच दमून आल्या, कारण मैत्रिणीला नाही म्हटलं आणि मग दोन दिवस तिला काय वाटलं असेल हाच विचार. आपल्याकडं नाही म्हणणं इतकं सोपं नसतं ओ, तिनं आपल्या बारशाला येऊन आहेर केलेला असतो, अडचणीला डबा आणून दिलेला असतो, ते सगळं मनात जमा असतंय. पुस्तकातला सल्ला वडगावात नेऊन ठेवला तर असंच होणार.

मग आम्ही कागद घेतला, तो सगळा वीकेंड परत लिहून काढला आणि प्रत्येक गोष्टीपुढं दोनच प्रश्न. होय कोण म्हणालं? आणि काम कुणी केलं? हळदीकुंकवाला होय त्या स्वतः म्हणाल्या होत्या, आणि गंमत म्हणजे तिथं त्या दमल्याच नव्हत्या, हळदीकुंकू लावलं, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, दहा मिनिटांत बाहेर. पोह्याला होय म्हणाला नवरा. खानापूरला सासूबाई. निपाणीच्या पावण्यांना पण नवराच, फोनवर, "या की, घरीच आहोत" म्हणून. घरीच होते काय ते? आणि काम मात्र या तिन्ही ठिकाणी ताईंच्याच नावावर. माणसं नकोशी झालेली नव्हती, दुसऱ्याच्या होकाराचा स्वयंपाक नकोसा झाला होता. ताई कागदाकडं बघत बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी खुळी नाही."

अजून एक. थकवा दिसला की मी आधी रक्त तपासून यायला सांगते, सगळंच मनाचं नसतंय. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं लागतं, यांचं आलं ९.८. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही, हे सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला, बेळगावच्या माणसाला चहा सोड म्हणणं म्हणजे... तासाभरानं घ्या म्हटलं, सोडू नका.

तिसऱ्या वेळी नवऱ्याला बोलावलं. बिचारा चांगला माणूस, त्याला खरंच माहीत नव्हतं. "मला वाटायचं तिला आवडतंय, सगळ्यांशी हसून बोलतेय की." मी कागद पुढं केला, तो बराच वेळ वाचत होता. ठरलं ते एवढंच, की फोनवर लगेच होय म्हणायचं नाही, "घरात विचारून सांगतो" म्हणायचं, आणि जो होय म्हणेल त्यानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या नावासकट लिहायचं, म्हणजे चहापाणी त्याच्याकडं. आणि आयतवारी कितीही झालं तरी सोमवारी उठायची वेळ तीच, सुट्टीदिवशी दोन-तीन तास उशिरा उठलं की रात्री झोप येत नाही, मग सोमवार पण गेला.

सगळं गोड झालं असं नाही. सासूबाई पंधरा दिवस नीट बोलल्या नाहीत, "आता घरात यायला पण अर्ज करायचा काय गा?" असं मुलाला म्हणाल्या. मला त्यांचं पण पटतं, त्यांच्या काळात दार कधी बंदच नव्हतं, फक्त तेव्हा आत चार जावा होत्या. मंडळाचे पोहे आता मैदानाजवळच्या गाड्यावर होतात, पैसे नवरा देतो. खानापूरला जाणं तसंच आहे.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी ताई आल्या होत्या, हातात वाणाची स्टीलची वाटी. घरी हळदीकुंकू ठेवलं होतं म्हणे, चाळीस बायका आल्या. मी विचारलं, दमला असाल? म्हणाल्या, "दमले की. पण हे मी लिहिलं होतं कॅलेंडरवर."