ऑर्गनवाल्याला गावात जागा मिळते का?

ताई, नवऱ्याला इंग्लंडात नोकरी लागली आहे, तुम्ही मिरजेला चर्चमध्ये पायपेटी वाजवता, तर तिकडे वाजवायला मिळेल का आणि लोक आपल्यात घेतात का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडून लिहितो.

वाजवायला मिळेल. खेड्यांतल्या चर्चना वाजवणारे मिळत नाहीत. पण पायपेटीची सवय आड येते. आपले पाय भाता मारतात. इथे ऑर्गनमध्ये हवा विजेवर येते आणि पायांनी खर्जातले सूर वाजवायचे, तेही खाली न बघता. जुन्या सवयीनं पाय हलला की भर प्रार्थनेत भलताच सूर घुमतो. शिवाय माझ्या चर्चमध्ये वाजवणारा लोकांकडे पाठ करून बसतो, पाद्रीसाहेब कुठवर आलेत ते छोट्या आरशात बघायचं. लग्नाचे आणि अंत्यविधीचे पैसे वेगळे असतात. आधीच लेखी घ्या, संकोच करू नका.

मुलांचं कॉयर, म्हणजे चर्चमधला गाणाऱ्यांचा गट, घ्यायचं तर पोलीस-तपासणी होते. त्यात मागच्या पाच वर्षांचे पत्ते लागतात. नगरला आम्ही सासऱ्यांच्या घरात राहायचो, त्याचा भाडेकरार कुठून आणणार? त्या फॉर्मनं डोकं उठवलं.

आणि शाळा. चर्चच्या शाळेत मुलीसाठी अर्ज केला. नियम असा की आई-वडिलांची चर्चमधली दोन वर्षांची हजेरी हवी. इथलं एकच वर्ष भरत होतं. नगरच्या पाळकांचं पत्र जोडलं, तीन पिढ्या त्याच चर्चच्या. ते धरलं नाही. अपिलातही नाही. शाळेच्या नाताळच्या उपासनेला ऑर्गनवर मात्र मीच. मुलगी आता कॉलेजात आहे, ती हसते या विषयावर. मला नाही हसू येत.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, नोव्हेंबरात जास्त. पुढे.

खरं सांगायचं तर त्या शाळेच्या रागानंच मी पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीत, गेलो. कायम वास्तव्याची परवानगी असली की भारतीय पासपोर्टवरही चालतं, कॉमनवेल्थमुळे. निवडणूक झालीच नाही. जागा रिकामी होती, सभासदांनी घेतलं. बसल्यावर कळलं की शाळा आमच्या अखत्यारीतच नाहीत. आमच्याकडे बाकं, रस्त्यावरचे दिवे, कुत्र्यांच्या घाणीच्या पेट्या. चर्चच्या आवारातल्या गवताला पैसे द्यायचा विषय निघाला की मी खोलीबाहेर, कारण चर्चकडून मानधन घेतो. त्यात स्थानिक कारभाराच्या १८९४ च्या कायद्यामुळे चर्चच्या मालमत्तेवर खर्च करता येतो की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला, २०२३ च्या कायद्यानं तो मिटवला. तोवर दर खेपेला लांबलचक चर्चा, आणि मी कोट घालून दाराबाहेर.

तिकडे भावानं नगरसेवक झाला म्हणून पेढे वाटले. मानधन नाही, गाडी नाही, पेट्या कुठे ठेवायच्या यावर तास जातो, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

लोक आपल्यात घेतात का? कुणी वारलं की पहिला फोन मला येतो. जेवायला बोलावणं क्वचित. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलं शाळेच्या वयाची असतील तर घर बघायच्या आधी तिथल्या शाळांचे प्रवेशाचे नियम वाचा. आणि मिरजेच्या पाळकांचं पत्र आणाच, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.