मुलीला दहावीत ८४ टक्के पडले, पण तिला आर्ट्सच घ्यायचंय. घेऊ द्यावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच एकर कोरडवाहू वावर, पोरगी हुशार, तिला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकायचंय. मास्तर, पाहुणे, घरचे सगळे म्हणतात की ८४ टक्केवाली पोरगी आर्ट्सला घातली तर तिचं वाटोळं होईल. शेवटी तुम्ही विचारलंय, "आर्ट्स करून खेड्यातल्या पोरीला मिळतं काय?" हेच वाक्य मी १९९६ साली आमच्या ओसरीवर ऐकलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी वर्धा जिल्ह्यातला, समुद्रपूर तालुक्यातला. दहावीला मला ७९ टक्के होते, त्या साली शाळेत पहिला. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरात शब्द त्यांचा. चार लोकांसमोर ते म्हणाले, "हुशार पोट्टा कुठी आर्टले जाते का? आर्ट ढ पोट्ट्यायसाठी रायते." त्यांचा मुलगा, आमचा दादा, तेव्हा बी.एस्सी.ला होता. मी तरी आर्ट्स घेतलं. त्यानंतर पंधरा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत माझी ओळख एकच: "याले सायन्स झेपलं नाही." मी एक दिवसही सायन्सच्या वर्गात बसलो नव्हतो, तरी.

आमच्या गावाच्या पूर्वेला चौदा कास्तकारांची वावरं आहेत आणि तिकडे जाणारी एकच पांदन, म्हणजे वावरात जायची गाडीवाट. पांदनीच्या तोंडाशी ज्याचं वावर, तो दरवर्षी वाटेचं नांगराचं एकेक तास आपल्या वावरात घेत गेला. २०११ च्या जूनमध्ये त्याने उरलीसुरली वाटही नांगरून टाकली आणि काटेरी फांद्या आडव्या लावल्या. आमच्याकडची काळी जमीन पावसात कशी होते ते तुम्हाला सांगायला नको. खताची पोती, फवारणीचे पंप, सगळं डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, न्यायचं, आणि ज्याचा धुरा त्याच्या शिव्या खायच्या. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून झालं, पण थ्रेशर आत जाईना. दोघांचे ढीग वावरातच पावसाने भिजून काळे पडले. गावात भांडणं झाली, एकदा काठ्याही निघाल्या.

तहसीलमध्ये अर्ज आधीच गेला होता. अर्जनवीसाने लिहून दिला, त्यावर चौदा सह्या आणि अंगठे. तो फेटाळला गेला. समोरचा छातीठोक सांगत होता की इथे रस्ता कधी नव्हताच, लोक माझ्या मेहेरबानीवर जात होते. गावात तेव्हा बी.एस्सी. झालेले तिघे होते आणि एक इंजिनिअर. चौघांचं म्हणणं एकच, मोजणी आणा. पण मोजणीवाला हद्द दाखवतो. पन्नास वर्षांपूर्वी इथून बंडी, म्हणजे बैलगाडी, जात होती की नाही, हे तो कसं सांगणार?

मला आठवले आमचे इतिहासाचे सर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांनी मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या मालगुजाराची पद्धत, शिकवली ती पुस्तक मिटून. म्हणाले, तुमच्या गावचा मालगुजार कोण होता, तळं कोणाचं, गुरं कुठून जात, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणा. मग समजावलं की १९५१ मध्ये मालगुजारी गेली. तोवर गावची पडीत जमीन, झाडं, वाटा मालगुजाराच्या ताब्यात होत्या. त्या सरकारकडे आल्या तेव्हा गावकऱ्यांनी सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, बंडी कुठून न्यायची हे कागदावर आणावं लागलं. तो कागद म्हणजे निस्तार पत्रक. गावच्या वहिवाटी लिहिलेला दुसरा कागद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातही दोन्ही आहेत, कलम १६१ आणि १६५. (वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, तिकडची तऱ्हा वेगळी.) कुठलाही कागद हातात आला की सर विचारायला लावायचे: हा कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला? तीन वर्षांत मी दुसरं काही शिकलो नसतो तरी चाललं असतं.

वर्ध्याच्या रेकॉर्ड रूमला चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला आमच्या मौज्याचं निस्तार पत्रक सापडलं. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, म्हणून कागद अर्धा हिंदीत, अर्धा मराठीत, आणि वावरांचे नंबर जुने, खसऱ्याचे. आताचे गट नंबर त्याच्याशी जुळवायला दोन रात्री गेल्या. गाव नकाशाची नक्कल काढली, त्यात तुटक दुहेरी रेघ होती. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीरस्ता. निस्तार पत्रकातही गाडीरस्ता तोच होता. शिवाय गावातल्या सहा म्हाताऱ्यांचे जबाब मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. त्यातली एक आजी म्हणाली, "मी नवरी होऊन याच पांदनीतून बंडीत बसून आली."

मग अर्ज नव्याने लिहिला. पहिला अर्ज जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली होता. ते कलम धुऱ्यावरून नवा रस्ता मागायचं. आमचा रस्ता नवा नव्हता, असलेला अडवला होता. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. जूनचा अडथळा, मी नोव्हेंबरात अर्ज दिला. मुदतीला महिना राहिला होता. तहसीलदार स्वतः मौक्यावर आले, पंचनामा झाला, मे २०१२ मध्ये रस्ता मोकळा करायचा आदेश निघाला. त्या दिवाळीआधी चौदाही कास्तकारांचं सोयाबीन बंडीने घरी आलं. त्यात मोठेबाबांचंही होतं, त्यांचं वावर त्या पांदनीवर दहावं. ते म्हणाले, "सायबानं चांगलं काम केलं." माझ्याबद्दल एक शब्द नाही.

त्यांच्या भिंतीवर भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांचा फोटो होता, रोज उदबत्ती लावायचे. मी एकदा त्यांना सांगितलं की अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, जे १९५२ ते १९६२ केंद्रात कृषिमंत्री होते, ते विलायतेत बॅरिस्टर झाले आणि त्यांची डॉक्टरेट वेदवाङ्मयातल्या धर्मावर आहे. शेतकऱ्यांसाठी एवढं केलेला माणूस शिकला होता ते हेच, ज्याला तुम्ही ढ पोरांचं म्हणता. त्यांचं उत्तर, "त्यायचा काळ येगळा होता." बाबासाहेबांनी परदेशात जाऊन अर्थशास्त्र शिकलं, तोही आर्ट्सचाच विषय, हे सांगायच्या आधी ते उठून गेले.

तर माझं मत सरळ आहे. खेड्यातल्या माणसाचं नुकसान जितकं बोंडअळी करते तितकंच न वाचलेला कागद करतो. फेरफाराची नोटीस येते, कोणी वाचत नाही आणि हरकतीचे पंधरा दिवस निघून जातात. पीकविम्यात नुकसान ७२ तासांत कळवायचा नियम होता, तोही कोणी वाचत नसे. मी आता सेवा केंद्र चालवतो, रोज हे पाहतो. कागद वाचून त्याला उलट प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर लिहिणं, हे आर्ट्स शिकवतं. ज्या घरात असं एक माणूस असतं ते घर नाडलं जात नाही. तुमच्या पोरीला ते यावंसं वाटतं, तर अडवू नका.

आणि इकडचं सायन्स कसं चालतं तेही पाहा. कितीक पोरांचं नाव तालुक्याच्या कॉलेजात आणि पोरगा नागपूरच्या क्लासमध्ये. वावर गहाण ठेवून फी भरलेली, आणि प्रॅक्टिकलचं रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेलं. ते विज्ञान शिकणं झालं का?

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर खोटं होईल. आमचा दादा नागपूरजवळ बुटीबोरीला चांगल्या नोकरीवर आहे. मोठेबाबांचं डायलिसिस दोन वर्षं चाललं, ते त्याच्या पगारावर चाललं. मी देऊ शकलो नसतो. नुसत्या बी.ए.वर कोणी नोकरी हातात देत नाही. तलाठी, एमपीएससीसाठी कुठलीही पदवी चालते हे खरं, पण त्या परीक्षेला वर्षं जातात. शिवाय अकरावीला आर्ट्स घेतलं की डॉक्टरकी, बी.एस्सी. नर्सिंग, बी.एस्सी. अॅग्री ही दारं बंद होतात. बारावी सायन्स करून बी.ए.ला जाता येतं, उलटं सहसा जमत नाही. पोरीचं मन थोडंही तिकडे असेल तर दोन वर्षं सायन्स करू द्या, त्यात माझी हरकत नाही. फक्त ते तिने ठरवावं, पाहुण्यांनी नाही.

एक काम मात्र नक्की करा. कॉलेज ठरवायच्या आधी कोणालाही न सांगता एखाद्या दिवशी सकाळी अकराला तिथे जा आणि आर्ट्सचा वर्ग भरलाय का ते डोळ्याने पाहा. पोरींना आर्ट्सला यासाठीच टाकतात की रोज जावं लागत नाही, एसटीचा खर्च वाचतो, परीक्षेपुरतं गाईड घेतलं की झालं. तसं आर्ट्स तिला देऊ नका. वर्ग रिकामा दिसला तर दुसरं कॉलेज बघा, लागलं तर वर्ध्याला होस्टेलवर ठेवा.