आखणी आधी की पर्यावरण अभ्यास?

प्रश्न : कन्नड घाटालगतच्या नव्या महामार्गाचा आराखडा करतोय. पर्यावरण मंजुरीचं काम कधी सुरू करावं? – एक अभियंता, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आखणी, म्हणजे रस्ता नेमका कुठून जाणार ती रेषा, पक्की होण्याआधीच. दोन-तीन पर्यायी रेषा वनहद्द, गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आणि पाझर तलावांच्या नकाशावर टाकून पाहा. अभयारण्याची जमीन जात असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची शिफारस लागते. वनजमिनीची परवानगी त्याहून वेगळी. पर्यावरण अभ्यासासाठी हवा-पाण्याचे नमुने पावसाळा सोडून एका हंगामाचे लागतात. उशीर झाला की पाऊस संपेपर्यंत थांबा.

सर्वांत महागात पडतं ते जनसुनावणीनंतर, म्हणजे लोकांचं म्हणणं अधिकृतपणे ऐकून झाल्यावर, रेषा सरकवणं. बाधित गावं, झाडांची मोजणी, भूसंपादन, सगळंच बदलतं. म्हणून रस्त्याखालून पाणी जाण्याच्या मोऱ्या, प्राण्यांचे भुयारी मार्ग, मुरुमाच्या खाणी आधीच नकाशात दाखवा, आणि त्यांचा खर्च अंदाजपत्रकात धराच.