शिवणाची खोली आवरायला मनच होत नाही. उत्साह आणायचा कुठून?

तुम्ही लिहिलंय, 'शिवायला बसावंसं फार वाटतं, पण आधी खोली आवरायला हवी हे आठवलं की हात गळतात. मग आवरणंही राहतं आणि शिवणही.' पुढे असंही विचारलंय की आवरलेलं चार दिवससुद्धा टिकत नसेल तर आवरायचं तरी कशाला. मी बरीच वर्षं घरी शिवतेय, त्या अनुभवावरून दोन्हींचं उत्तर देते.

शिवायची ओढ तुमच्यात शाबूत आहे, आणि मला तरी तेवढी पुरेशी वाटते. आवरण्यासाठी वेगळा उत्साह कुठून आणायची गरज नाही. अडलंय ते क्रमावर. 'आधी सगळी खोली, मग शिवण' असा नियम तुम्ही स्वतःला घालून घेतलाय आणि तोच तुम्हाला दाराबाहेर उभं करतोय. तो आजच मोडा. पुढचं एक काम शिवता येईल इतकीच जागा मोकळी करा आणि शिवायला बसा. बाकीची खोली त्या कामाच्या ओघात लागत जाते.

मन तयार झालं की करू, असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा घडतं ते उलट. हात चालायला लागले की मन मागून येतं. नैराश्यावरच्या उपचारांत पीटर लुइनसन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात हीच दिशा धरली होती: बरं वाटायची वाट न बघता ज्यातून समाधान मिळतं अशी छोटी कृती ठरवून करायची. आपल्याकडे ती कृती तर हाताशीच आहे. एक सरळ शिवण घालून झाली तरी मनाला उभारी येते.

आता हात का गळतात ते बघू, कारण हा आळस नाही. स्वयंपाकघरात ताट धुतलं की मांडणीत जातं, त्यावर विचार करावा लागत नाही. शिवणाच्या खोलीत मात्र प्रत्येक वस्तू काहीतरी विचारत असते. हा तुकडा ठेवू की टाकू? यात बाही निघेल का? हे अस्तर कशासाठी आणलं होतं? ही चेन कुठल्या पिशवीची? एका ढिगात असे शेकडो निर्णय पडलेले असतात आणि आपण ते एकाच सुट्टीच्या दिवशी उरकायला बघतो. दुपारपर्यंत डोकं शिणतं, निर्णय थांबतात आणि अर्ध्यावर उपसलेली खोली आधीपेक्षा वाईट दिसते. म्हणून एका दिवसात सगळी खोली काढायची नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

त्याऐवजी असं करा. शिवायचं एकच काम निवडा, लहान आणि मनापासून आवडणारं. उशीचा अभ्रा, कापडी पिशवी, लहान मुलाचा फ्रॉक, काहीही. मग टेबलावरचं सगळं, निवडत न बसता, एका मोठ्या खोक्यात भरा आणि खोकं टेबलाखाली सरकवा. भरताना फक्त टाचण्या, सुया आणि ब्लेड तेवढी वेगळी काढा, नाहीतर नंतर हात घालताना टोचतील. टेबल पुसा. मशीनचा प्लग काढा, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, बसते ती डबी) बाहेर घ्या आणि आतला कापसाचा भुगा छोट्या ब्रशने काढा. फुंकर मारू नका, भुगा आणखी आत जातो. नवी सुई लावा. सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. मध्यम जाडीच्या सुती कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४ चालते, तलम कापडाला ७०/१०, जीन्सला १००/१६. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदलावी असं सांगतात. जुनी सुई टाके गाळते, धागा तोडते, आणि आपल्याला वाटतं आपलंच मन लागत नाहीये.

एवढं झालं की शिवायला बसा. शिवताना एक गोष्ट लक्षात ठेवा: जी वस्तू शोधावी लागली, तिला आज कायमची जागा द्यायची. उसवणी, म्हणजे टाके उसवायचं छोटं हत्यार, सापडत नाही म्हणून उठावं लागलं, तर सापडल्यावर ती मशीनच्या उजव्या बाजूला एका डबीत राहील, हे तिथल्या तिथे ठरवा. खडू, टेप, कापडाची कात्री, टाचण्यांची उशी, सगळ्यांचं असंच. कोणती वस्तू कुठे ठेवायची हे रिकामं बसून ठरवता येत नाही, हात आपोआप जिथे जातो तीच तिची जागा. एक अभ्रा शिवून होईपर्यंत पाच-सहा वस्तूंचा प्रश्न सुटलेला असतो, आणि हातात अभ्राही असतो. खोक्यात काय आहे ते लागेल तसं काढा. पुढची काही कामं होऊनही जे एकदाही शोधावं लागलं नाही, त्याचा निर्णय करायला मग फारसं जड जात नाही.

खरी जड जाते ती अर्धवट कामांची टोपली. प्रत्येकीकडे ती असते आणि माझ्या मते खोलीत पाय न टाकावासा वाटण्याचं मोठं कारण तीच. मारिया ओव्सियांकिना या संशोधिकेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं होतं की मध्येच तोडलेलं काम, संधी मिळाली की, कुणी सांगितलं नसतानाही माणसं पुन्हा हाती घेतात. म्हणजे ही टोपली आपल्याला खेचत असते. पण काम नेमकं कुठे अडलंय ते आठवत नसेल तर त्या ओढीचं ओझं होतं. म्हणून टोपलीतलं एकेक काढा आणि त्याला टाचणीने चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर 'पूर्ण करायचं' असं लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. 'डावी बाही उलटी लागलीय, उसवून जोडायची, मग कफ' असं लिहा. 'चेन हवी, अठरा इंची.' 'फक्त काज-बटण राहिलंय.' तुमच्या लक्षात येईल की महिनोन्महिने पडलेल्या कपड्यात बहुतेकदा एकच गोष्ट राहिलेली असते. कधी योग्य दोरा नसतो, कधी मशीनवर काज करायची धास्ती असते. काजांची धास्ती असेल तर त्याच कापडाच्या कातरणीवर, तेच बकरम (कापडाला ताठपणा देणारं आतलं कडक कापड) लावून, आधी पाच-सहा काजं करून बघा. कपड्यावर मग हात थरथरत नाही.

काही कपड्यांवर चिठ्ठी लिहिताना कळतं की आपल्याला तो आता नकोच आहे. माप बदललंय, आवड बदललीय, किंवा ज्याच्यासाठी शिवत होतो ते मूल मोठं झालंय. त्याची बटणं, चेन, हुक काढून घ्या, मोठे तुकडे उसवून कापडात टाका आणि उरलेलं सोडून द्या. तो कपडाही त्या दिवशी पूर्णच झाला म्हणायचा. मला या कामानंतर नेहमी हलकं वाटतं, एखादा ड्रेस शिवून झाल्यावर वाटतं त्याहूनही जास्त.

मग येतात कापडं. इथे पैसे आणि हौस दोन्ही गुंतलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या मालकीची झालेली वस्तू आपल्याला तिच्या किमतीपेक्षा मौल्यवान वाटते. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना कॉफीचे मग (मोठे कप) दिले. ते विकताना त्या लोकांनी मागितलेली किंमत, कप न मिळालेले लोक द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होती. कापडाचं अगदी असंच होतं. म्हणून 'हे ठेवू का?' असं विचारलं की उत्तर हमखास 'हो' येतं. त्याऐवजी विचारा, 'हे आज दुकानात दिसलं असतं तर मी घेतलं असतं का?' याचं उत्तर पटकन आणि खरं येतं.

काही कापडांचा निर्णय होत नाही, कारण ते काय आहे हेच माहीत नसतं. सुती समजून घेतलेलं निघतं पॉलिएस्टर. ते ओळखायला कडेचे दोन-चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर, शेजारी पाणी ठेवून, काडीने पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख उरली तर सुती किंवा लिननसारखा वनस्पतीजन्य धागा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. वितळून आकसला आणि टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. तो वितळलेला थेंब फार भाजतो, तेव्हा बोट लांब ठेवा आणि मणी पूर्ण गार झाल्यावरच हात लावा. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात. ओळख पटली की कापडाचं काय करायचं ते बहुतेकदा लगेच सुचतं: हे पिशवीला, हे अस्तराला, हे उन्हाळी कपड्याला.

घडी घालतानाच लांबी मोजा आणि चिठ्ठी लावा: लांबी, पन्हा (कापडाची रुंदी), धुतलंय की नाही. पन्हा ३६ इंची आहे की ४४ की ५८, यावर एकाच लांबीच्या कापडात काय बसेल ते ठरतं, आणि दर वेळी सगळं उलगडून मोजायचा त्रास वाचतो. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून तीही नोंद हवी. एकाच मापाच्या पुठ्ठ्याभोवती घड्या घाला आणि एकावर एक न रचता उभ्या ठेवा. थरात ठेवलं की खालचं एक काढायला वरचा सगळा ढीग कोसळतो. कपाट उघडल्यावर सगळी कापडं एका नजरेत दिसणं, शिवायची हुक्की येण्यासाठी मला याहून मोठं दुसरं काही माहीत नाही.

दोरे आणि इलॅस्टिक लवकर उरकतात. जुन्या रिळाचा वीतभर दोरा दोन हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो कपड्यात टिकणार नाही. इलॅस्टिक ताणून सोडा, पूर्ववत झालं नाही किंवा आतून कुरकुर ऐकू आली तर टाका. बॉबिन आपल्याच मशीनच्या मापाच्या आहेत ना ते बघा, कारण वेगवेगळ्या प्रकारच्या बॉबिन दिसायला जवळपास सारख्या असतात आणि चुकीची लागली की खालून दोऱ्याचा गुंता होतो.

डबे, ड्रॉवर, फळ्या आधी विकत आणू नका. खरेदीने काम झाल्यासारखं वाटतं आणि खोलीत आणखी एक सामान वाढतं. आधी पुठ्ठ्याची खोकी आणि घरातल्या रिकाम्या डब्या वापरा. काय किती आहे ते कळलं की मग मापाचे पारदर्शक डबे घ्या. कापड आणि दोरे थेट उन्हात नकोत, दोन्हींचा रंग उडतो आणि धागा कमजोर होतो. लोकर, रेशीम स्वच्छ करून बंद डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तुमची ओढ शाबूत आहे असं मी तुमच्या लिहिण्यावरून धरलंय. पण हे वाचणाऱ्या कुणाला शिवणच नको झालं असेल, आणि पूर्वी आवडणाऱ्या इतर गोष्टीही आठवडेच्या आठवडे नकोशा वाटत असतील, तर प्रश्न खोलीचा नाही. त्यांनी खोली तशीच राहू द्यावी आणि आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावं.

आता 'टिकत नाही' याबद्दल. शिवण चालू असताना पसारा होणारच, कातरण जमिनीवर पडणार, इस्त्री मध्ये येणार. तो कामाचा पसारा आहे, त्याचा अजिबात राग करू नका. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने एक कागदी पिशवी लावा, धाग्याची टोकं आणि चिंध्या थेट तिच्यात जातील. उठायच्या दहा मिनिटं आधी शिवण थांबवा: कात्री, उसवणी, टाचण्या जागेवर, इस्त्रीचा प्लग बाहेर, पिशवी भरली असेल तर रिकामी. मग पुढची पायरी मांडून ठेवा. ज्या दोन भागांची शिवण घालायची आहे ते टाचून मशीनशेजारी ठेवा, त्या रंगाचा दोरा ओवून ठेवा, बॉबिन भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटंच मिळाली तरी एक शिवण होते. आणि मांडलेलं तसंच ठेवून कुणाला उठावं लागलं, मूल रडलं, फोन आला, तरी कामाला चिठ्ठी तेवढी लावून जा.