मुसोलिनीची इटली, पुण्यातली कपाटं

एम.ए.च्या प्रबंधासाठी मुसोलिनीची राजवट घेतलीय, इटालियन येत नाही, नेटवर तेच ते उतारे फिरताहेत, पुण्यात बसून काही हाती लागेल का, असं तुम्ही विचारलंय. लागेल. पण आधी माझी फजिती ऐका.

इथल्याच एका ग्रंथालयात रोममध्ये छापलेली इंग्रजी पुस्तिका मिळाली. मुखपृष्ठावर १९३४ आणि त्यापुढे रोमन आकड्यांत बारा. मला वाटलं बारावा खंड. चिठ्ठी लिहून आधीचे अकरा मागितले! ग्रंथपाल बाईंनी अर्धा तास रजिस्टर चाळलं बिचाऱ्यांनी. ते बारा म्हणजे फॅसिस्ट राजवटीचं बारावं वर्ष, हे मला नंतर कळलं. ऑक्टोबर १९२२ मधल्या, मुसोलिनीला सत्तेवर आणणाऱ्या रोमवरच्या मोर्चापासून त्यांनी स्वतःचा शकच सुरू केला होता आणि त्यांचं नवं वर्ष २९ ऑक्टोबरला लागायचं. असा आकडा दिसला की पुस्तक कुठल्या हवेत छापलंय ते ओळखायचं.

सांगायचं कारण, या विषयात पुस्तक वाचण्याआधी ते कुणी, कधी, कुठून काढलं ते बघावं लागतं. नावावरही विसंबू नका. १९३२ साली इटालियन विश्वकोशात फॅसिझमच्या तत्त्वज्ञानावर मुसोलिनीच्या सहीने जो लेख आला, त्याचा पहिला भाग मुख्यतः जेंतिले या तत्त्वज्ञाचा. ते 'मुसोलिनी म्हणतो' म्हणून सरसकट उद्धृत केलंत, तर तोंडी परीक्षेला अडकाल.

सुरुवात बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले संस्थेपासून करा. बाहेरच्या वाचकांचे नियम फोनवर विचारून घ्या आणि विभागप्रमुखांचं पत्र न्या. तिथे नुसतं 'फॅसिझम' शोधून थांबू नका. अर्थशास्त्राची संस्था आहे, तेव्हा 'कॉर्पोरेटिव्ह स्टेट' (मालक-कामगारांच्या संघटना सरकारच्या हाताखाली आणणारी फॅसिस्टांची व्यवस्था), कामगार संघटना, गव्हाचं उत्पादन असेही शब्द टाकून बघा. संपावर बंदी आणणारा १९२६ चा कायदा आणि १९२७ ची कामगार सनद यांच्यावरचं लेखन इतिहासाच्या कपाटात असेलच असं नाही. ड्युई पद्धतीच्या, म्हणजे विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावणाऱ्या ग्रंथालयात इटलीचा इतिहास ९४५ ला, फॅसिझम ही विचारसरणी म्हणून ३२०.५ ला आणि कित्येक जुनी पुस्तकं ३३५.६ ला. तीन ठिकाणी पायपीट आलीच. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात अलीकडचे संशोधन-लेख बघा, त्यावर जास्त सांगत नाही.

खरी मजा जुन्या वर्तमानपत्रांत आहे. पण तारखांची यादी घेतल्याशिवाय फायलींना हात लावू नका, नाहीतर दिवसभर जाहिराती वाचत बसाल (मी बसलोय). १० जून १९२४, समाजवादी खासदार मात्तेओत्तीचं अपहरण. ३ जानेवारी १९२५, घडल्या प्रकाराची जबाबदारी आपली, असं मुसोलिनीने संसदेत ठणकावून सांगितलं तो दिवस. ३ ऑक्टोबर १९३५, इथिओपियावर चढाई. मात्र तेव्हाच्या मराठीत शोधताना 'ॲबिसिनिया' शोधा. प्रत्येक तारखेपुढचे दोन-तीन आठवडे चाळा, बातमी आणि अग्रलेख वेगवेगळे टिपा. त्या काळात केसरीत मुसोलिनीबद्दल कौतुकानेही लिहून आलंय. आज ते वाचताना अवघडायला होतं, पण वगळू नका, पुण्यातल्या विद्यार्थ्याला तर हा आयता विषय आहे. हिंदू महासभेचे नेते डॉ. मुंजे १९ मार्च १९३१ ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले, त्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही त्याला भेटले, आणि 'जोर्नाले दितालिया' या इटालियन वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत म्हणून मजकूर छापला. गांधीजींनी अशी मुलाखत दिल्याचंच नाकारलं. त्यांच्या संकलित लेखनाचा त्या महिन्याचा खंड काढा आणि छापून आलेला मजकूर नि खुलासा शेजारी ठेवून वाचा. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी तिथूनच सुरू केलं असतं.